आधी ठोका, मग भोक

आमच्या दुकानात भोक पाडलं की खाली भुसा पडतो. लोखंड असलं तर चकचकीत वेटोळी पडतात. ते सगळं मी सांजच्याला खराट्यानं लोटून टाकते. पण माणूस आत आला, चार शब्द बोलला आणि काम घेऊन गेला, की मागं जे पडतं ते काही लोटून जात नाही. ते साचतच राहतं. चाळीस वर्षांचं साचलंय आता!

दुकान म्हणजे नेकनूरला रस्त्याच्या कडेचं पत्र्याचं शेड. लाकडाचं काम होतं, लोखंडाचंही होतं. मधोमध उभं ड्रिल मशीन. त्याच्या बाजूला एक दांडा. दांडा खाली ओढला की फिरतं बिट खाली उतरतं आणि भोक पडतं. हा दांडा ओढणारे आमचे मालक. सारं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, मीही गावासारखंच म्हणते. सून मंगल, पाटोद्याची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ती दुकानात बसते. मुलगा एसटीत कंडक्टर आहे, त्याचा ह्यात काही हात नाही.

आणि मी? पूर्वी आमच्याकडं क्लॅम्प नव्हता, मी होते! भोक पाडताना फळी हलू नये म्हणून मिस्त्री मला फळीवर बसवायचे आणि "हलू नको" म्हणायचे. संसाराची पहिली दहा वर्षं मी नवऱ्याच्या तोंडून तेवढंच ऐकलं.

शाळा मी बाहेरूनच पाहिली, त्यामुळं बिटावरचे आकडे मला वाचता येत नाहीत. मी आपली नावं ठेवलीत. सगळ्यात बारीक ते ज्वारीचं, मग तुरीचं, मग हरभऱ्याचं. मिस्त्री हात पुढं करून "तूर दे" म्हणायचे, मी द्यायचे. एकदा बीडचा एक इंजिनियर काम बघत उभा होता. त्यानं विचारलं, "आजी, ह्या बिटाचा साईज काय?"

म्हटलं, "तूर."

तो हसला. बॅगेतनं मोजायचं यंत्र काढून त्यानं बिट मोजलं. म्हणाला, "सहा एमएम. बराबर सहा!"

म्हटलं, "तूर चांगली भरलेली असंल तर."

आता जे सांगते ते गेल्या तीनेक वर्षांतलं. मिस्त्रींची नजर जायला लागली होती. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही धुरकटलं. आणि दांडा काही हातातून सुटेना. मंगलला दांडा धरायचा होता, तिला सगळं येत होतं. पण तिनं हात पुढं केला की मिस्त्री म्हणायचे, "मशीनला एकच हात लागतो." गावाला कळलं असतं तर कामं बीडला गेली असती. म्हणून मिस्त्री बोलत नव्हते, मंगल बोलत नव्हती, आणि मला तर न हलायची सवयच होती.

*

आमच्या इथल्या एका गुरुजींनी मोबाईलवरून हातातलं ड्रिल मशीन मागवलं. म्हणाले, आता घरची कामं घरीच. सुट्टीच्या दिवशी सकाळी देवघराची फळी घेऊन बसले. दुपारी घामाघूम होऊन आमच्या दारात.

"मिस्त्री, तुमी दिलेली फळी लई टणक हाय! तीन तास झाले, भोक पडंना. धूर निघालाय नुसता."

फळी पाहिली तर जिथं भोक पाडायचं तिथं काळाकुट्ट डाग. लाकूड भाजलं होतं, कापलं नव्हतं. मिस्त्रींनी गुरुजींचं मशीन हातात घेतलं, चाचपलं, एक बटण ह्या बाजूचं त्या बाजूला सारलं आणि परत दिलं. पुढच्या क्षणाला बिट फळीतून लोण्यातनं गेल्यासारखं गेलं.

गुरुजी म्हणाले, "काय केलंत?"

मिस्त्री म्हणाले, "ते उलटं फिरत होतं."

गुरुजींनी मागं-पुढं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पण मिस्त्री, कुणाला सांगू नका."

मिस्त्रींनी खरंच कुणाला सांगितलं नाही. मी सांगितलं.

*

नव्या वस्तीत एकाला एक जोडलेली घरं आहेत. तिथल्या एकानं भिंतीवर टीव्ही टांगायचा म्हणून स्वतःच ड्रिल चालवलं. बिट जाऊ दिलं, जाऊ दिलं, अन् ते निघालं शेजारणीच्या स्वयंपाकघरात! ती बाई पोळ्या करत होती. भिंतीतून लोखंडी टोक बाहेर आलेलं पाहून ती आधी ओरडली. मग शहाणी, तिनं कणकेचा एक गोळा घेतला आणि भोकावर थापला.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आमच्याकडं आला. मंगलनं त्याला युक्ती दाखवली. जेवढं खोल जायचं तेवढं बिटावर मोजायचं आणि तिथं रंगीत दोरा गुंडाळायचा. दोरा भिंतीला टेकला की हात थांबवायचा.

तो म्हणाला, "हे मला आधी कावून सांगितलं न्हाई?"

मंगल म्हणाली, "भाऊ, तुमी आधी आलाच न्हाई."

आठ-दहा दिवसांनी तो पुन्हा दिसला. मी विचारलं, "मिटलं का भांडण?"

"भांडण कशाचं आजी! कणीक वाळून पडली. आता ती भोकातून हाक मारते, आवाज वाढवा की, जाहिराती तेवढ्या नीट ऐकू येतात!"

*

आता मिस्त्रींचा नियम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आधी ठोका, मग भोक. जिथं भोक हवं तिथं टोकदार पंच ठेवून हातोडीचा एक ठोका मारायचा. बारीक खड्डा पडतो. बिटाचं टोक त्यात बसतं, इकडं तिकडं घसरत नाही. लोखंडाच्या कामात तर ह्याच्याशिवाय चालतच नाही. आखायचं आणि ठोका मारायचा, एवढं मिस्त्रींनी मंगलकडं दिलं होतं. ती लाल पेन्सिलीनं फुली काढायची.

एका घरचं लग्न निघालं होतं. मुलीला द्यायचं लोखंडी कपाट टेम्पोतून आमच्या दारात आलं. कुलूप बसवायला एक भोक हवं होतं. मंगल म्हणाली, "मामा, फुली काढून ठेवलीय, जरा भाकरी टाकून येते, मग ठोका मारते." मिस्त्रींना कुठला दम! त्यांनी हातातलं ड्रिल घेतलं, लाल खूण शोधली आणि पाडलं भोक.

लाल खूण खरीच होती. पण त्या कपाटाची पूजा झालेली होती. वरच्या बाजूला मधोमध पाच बोटं कुंकू लावलेलं होतं आणि मिस्त्रींनी बरोबर मधल्या बोटात भोक पाडलं होतं!

मुलीची आई कपाळाला हात लावून खाली बसली. "अगं बाई, कुंकवातच भोक पाडलं की वो!"

मिस्त्रींनी मशीन खाली ठेवलं. आयुष्यात चुकीच्या जागी पडलेलं ते पहिलं भोक. मंगल पिठाच्या हातानं धावत आली. तिनं एकदा कपाटाकडं पाहिलं, एकदा सासऱ्याकडं, आणि म्हणाली, "मावशी, आरसा कुठं लावणार हुता?"

"आरसा?"

"नव्या नवरीला कपाटावर आरसा नको व्हय? मामांनी तुमची सोय केलीय. कुंकवाच्या जागी हूक बसवायचा, त्याला आरसा टांगायचा. रोज कुंकू लावताना पोर त्याच्यातच बघंल."

बाई उठून उभी राहिली. डोळे पुसले. कुलपाचं भोक खाली वेगळं पडलं, वर पितळेचा हूक बसला.

त्या साली लग्नाची आणखी तीन कपाटं आमच्याकडं आली. तिन्ही घरच्यांनी सांगितलं, "मिस्त्री, ते कुंकवातलं भोक पण पाडा!"

*

कपाटाच्या त्या दिवसापासून मंगल पंचावर जोरात ठोका मारायला लागली. पूर्वी मुंगीच्या पायाएवढा खड्डा असायचा, आता बोटाला लागेल एवढा. बिट जवळपास आणलं की आपसूक खड्ड्यात उतरायचं. मिस्त्री डाव्या हाताचं बोट खड्ड्यावर ठेवायचे, बिट बोटाच्या नखाशी आणायचे, बोट काढायचे, मग मशीन सुरू करायचे. पाहणाऱ्याला वाटायचं, केवढी सफाई!

सरपंचांचे चुलते एकदा घराचं गेट आणि त्याच्या बिजागऱ्या घेऊन आले. जाड पट्टी, आठ भोकं. मिस्त्रींनी तेलाचा थेंब टाकत टाकत आठही भोकं पाडली. बिजागरी गेटवर ठेवली, बोल्ट घातले, आठच्या आठ सरळ गेले. चुलते म्हणाले, "मिस्त्री, ह्या वयात! मला तर चष्मा लावून ताटातली भाजी कळत न्हाई."

मिस्त्रींनी मान ताठ केली. "नजर लागती ह्या कामाला. नजर असली तरच हे काम करावं."

मंगलनं पंच खाली ठेवला आणि पदर तोंडाशी धरला. मी भुसा लोटायला घेतला. भुसा नव्हताच, सगळं लोखंडाचं काम होतं!

*

दोन भाऊ होते. घराची वाटणी झालेली. मधल्या भिंतीत दार राहिलं होतं, ते दोघांनी मिळून कायमचं बंद करायचं ठरवलं. दार आणि चौकट दोन्हींतून आरपार एक लांब बोल्ट घालायचा आणि दोन्हीकडून आवळायचा. आता आरपार भोक एका बाजूनं पाडलं की झालं. पण थोरला म्हणाला, "त्याच्याकडून पाडलं तर त्याच्या मनासारखं पडंल." धाकटा म्हणाला, "ह्याच्याकडून मी पाडूच देणार न्हाई."

ठरलं असं की अर्धं भोक ह्या बाजूनं, अर्धं त्या बाजूनं. प्रत्येकानं आपापल्या बाजूनं जमिनीपासून चार फूट मोजून खूण करायची. मिस्त्री हातातलं मशीन घेऊन गेले, बरोबर मंगल आणि मी. मंगलनं दोन्हीकडं ठोके मारले. मिस्त्रींनी इकडून अर्धं पाडलं, वळसा घालून तिकडं गेले, तिकडून अर्धं पाडलं. आणि भोकं भेटेनात!

थोरला म्हणाला, "बघा, मोजण्यात बी लबाडी!"

धाकटा म्हणाला, "तुझा टेपच खोटा हाय, बे!"

एकमेकांच्या अंगावर जायची पाळी आली. मिस्त्री मध्ये उभे, घाम पुसत. त्यांना वाटलं, आपल्याच नजरेनं घात केला. मला ते त्यांच्या मानेवरून कळत होतं.

मंगल खाली बसली. तिनं इकडची जमीन पाहिली, तिकडची जमीन पाहिली. धाकट्यानं वाटणीनंतर नवी फरशी बसवली होती. त्याची जमीन चार बोटं वर आली होती. चार फूट दोघांचेही खरे, जमीन वेगळी!

"खालून मोजू नका," मंगल म्हणाली. "वरून मोजा. छत तर अजून एकाच बापाचं हाय ना?"

दोघं भाऊ वर बघत राहिले.

छतापासून मोजलं, नवे ठोके मारले, भोकं एकात एक आली. पण बोल्ट घालायला कुणी पुढं येईना. तो बोल्ट आम्ही त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आलो. अजून तिथंच असेल.

*

मंगलची आई आजारी पडली म्हणून ती पाच दिवस पाटोद्याला गेली. ठोका मारायला कुणी नाही. मिस्त्रींनी पाचही दिवस आल्या गिऱ्हाइकाला एकच सांगितलं, "लाईट न्हाई."

तिसऱ्या दिवशी एक शेजारगावचा माणूस पाट घेऊन आला. त्याला चार पाय बसवायचे होते. मिस्त्री म्हणाले, "लाईट न्हाई."

त्यानं वर पाहिलं. "मिस्त्री, पंखा तर फिरायलाय."

मिस्त्री म्हणाले, "तो वाऱ्यानं फिरतोय."

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. तो माणूस पाट घेऊन गेला. मिस्त्रींनी पंख्याचं बटण बंद केलं आणि उरलेले दोन दिवस आम्ही दोघं उकाड्यात बसलो!

मंगल परत आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, आता बीडला न्यायला पाहिजे."

*

बीडला डोळ्याच्या डॉक्टरकडं रांग होती. आत एकेकाला समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचायला लावत होते. मिस्त्री चौथी शिकलेले, आणि डोकं पहिल्यापासून तल्लख. पुढच्या तीन माणसांनी काय काय वाचलं ते त्यांनी बाहेर बसून कान देऊन ऐकलं आणि पाठ केलं. मी शेजारीच होते, ओठ हलताना दिसत होते.

आमचा नंबर आला. मिस्त्री ताठ बसले. "वाचा," तिथली मुलगी म्हणाली. मिस्त्रींनी वरच्या ओळीपासून खालच्या बारीक ओळीपर्यंत धडाधडा म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकलं नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, सगळं बरोबर. पण तुम्ही बघताय ते कॅलेंडर आहे. फळा इकडं आहे."

मंगलला हसू आवरेना, मलाही. शेवटी मिस्त्रीही हसले. हसणं थांबलं ते डॉक्टरांनी तपासल्यावर. डॉक्टर म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. जे गेलं ते परत येत नाही. थेंब टाकत राहा, राहिलंय ते जेवढं टिकेल तेवढं टिकेल.

एसटीत मिस्त्री खिडकीशी बसले. बाहेर काय बघत होते देव जाणे. गाव आलं. उतरताना मंगलनं हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. म्हणाले, "दांडा मी सोडणार न्हाई. आधीच सांगून ठेवतो."

मंगल म्हणाली, "मामा, मी काय म्हणाले का?"

"म्हणायच्या आधी सांगतोय."

*

त्यानंतर पंधरा-वीस दिवस गेले. मिस्त्री दुकानाच्या मागं सावलीला बसून काहीतरी घासत होते. जवळ गेलं की मांडीखाली घालायचे. मी विचारलं नाही.

मग बाजारचा दिवस आला. त्या दिवशी आमचं दुकान भरलेलं असतं. कुणी खाट घेऊन, कुणी विळ्याची मूठ, कुणी मोडकी खुर्ची. आठ-दहा माणसं उभी होती. मंगल खुणा करत होती, मशीनपाशी मिस्त्री नव्हते. लोक विचारायला लागले, "मिस्त्री कुठं गेले?"

तेवढ्यात मिस्त्री आले. मागच्या दारानं नाही, रस्त्याकडून आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. हातात बोरीची काठी, घासून घासून काचेसारखी केलेली. सगळ्यांच्या मागं रांगेत उभे राहिले. लोक बाजूला व्हायला लागले, तर म्हणाले, "न्हाई न्हाई, तुमचं होऊ द्या. तुमी आधी आलाव."

कुणाला काही कळेना. पण मशीनपाशी कुणीच नव्हतं, तर कुणाचं काय होणार? शेवटी खाटवाल्यानं त्यांना पुढं ढकललं.

मिस्त्रींनी काठी मंगलपुढं धरली. "वरच्या टोकाला आरपार एक भोक पाहिजे. दोरी घालायचीय. मनगटात अडकवायला."

मंगल म्हणाली, "मामा, तुमी..."

"गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकावं."

मंगलनं काठी घेतली. गोल काठीला मधोमध भोक पाडणं सोपं काम नाही. बिट घसरतं, नाहीतर काठी फिरते. तिनं एका फळीला लांबट खाच पाडून घेतली, काठी त्या खाचेत बसवली, क्लॅम्पनं आवळली. मागची कड उडू नये म्हणून खाली दुसरी फळी सरकवली. पंचाचा एक ठोका मारला, मग मशीन सुरू केलं आणि दांडा धरला.

दुकानातलं कुणी भोकाकडं बघत नव्हतं. सगळे मिस्त्रींकडं बघत होते. मिस्त्री मान वाकडी करून आवाज ऐकत होते. बिट लाकडात शिरतानाचा आवाज, मधला आवाज, पार होतानाचा आवाज.

मंगलनं दांडा सोडला. काठी काढली, कडा घासल्या, फुंकर मारली आणि त्यांच्या हातात दिली. मिस्त्रींनी एका बाजूनं करंगळीचं टोक भोकात घातलं. मग काठी फिरवून दुसऱ्या बाजूनं घातलं. बराच वेळ घातलेलं ठेवलं.

खाटवाला म्हणाला, "मिस्त्री, काठी कुणाची हो?"

"गिऱ्हाइकाची."

"कुठलं गिऱ्हाईक?"

"उभं हाय की तुमच्या म्होरं."

मिस्त्री काठी टेकत बाहेरच्या बाकाकडं गेले, हातानं बाक चाचपलं आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. आत खाटवाल्यानं मंगलपुढं खाटेचा पाय ठेवला. मशीन पुन्हा सुरू झालं.

थोड्या वेळानं त्यांनी बाहेरूनच मला हाक मारली.

"अगं ए! कवापासून येऊन बसलोय. हितं गिऱ्हाइकाला चहा विचारत न्हाईत का?"